बेटाचा हिशेब

सोलापूरला बेट आहे, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. समुद्र इथून कितीतरी लांब. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आले तर. शहरात कित्येक वर्षे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड आले. अशा मुलखात बेट कुठून आले? पण भुईकोट किल्ल्याच्या अंगाला पसरलेल्या तलावात सिद्धेश्वराचे देऊळ उभे आहे आणि त्याच्या चहूबाजूंना पाणी आहे. आपण सोलापूरकर त्याला वळसा घालून रोज कामाला जातो, येता-जाता हात जोडतो, पण ते एक बेट आहे अशा नजरेने त्याच्याकडे कधी बघत नाही.

आज ही नजर हवी आहे. कारण आपल्या जिल्ह्यात जलपर्यटनाचे वारे वाहू लागले आहे. उजनीच्या जलाशयावर बोटी फिरवायच्या, काठावर मुक्कामाची सोय करायची, देवदर्शनाला पंढरपूर, अक्कलकोटला येणाऱ्या माणसाला आणखी एक दिवस इथे थांबवायचे, असे आराखडे पुढे येत आहेत. पाण्यातले एखादे बेट 'विकसित' करावे, अशीही बोलणी कानावर येतात. मी या सगळ्याच्या विरोधात नाही. गिरण्या बंद पडल्यानंतर या शहरातला तरुण पुण्याची गाडी धरू लागला, ती अजून धरतोच आहे. त्याला इथेच दोन पैसे मिळणार असतील तर कोणाला नको? पण बेटावर पाहुणे बोलवायचे असतील तर हिशेब आधी मांडावा लागतो. तो हिशेब आपल्याला जमतो का, हे तपासायला उजनीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या जुन्या बेटाच्या काठावर सकाळी अर्धा तास उभे राहिले तरी पुरे.

हा तलाव बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचा. त्या वेळी सोलापूर सोन्नलगी होते. सिद्धराम हे बसवेश्वरांचे समकालीन आणि कन्नड वचनकारांतले एक मोठे नाव, पण इथल्या माणसाच्या मनात त्यांची पहिली ओळख तळे खोदणारा योगी हीच आहे. अनुयायांना हाताशी धरून त्यांनी या कोरड्या माळावर पाणी साठवले, असे परंपरा सांगते. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात एक प्रसंग येतो. अल्लमप्रभू सोन्नलगीत येतात तेव्हा तलावाचे काम चालू असते. अल्लमप्रभू सिद्धरामांचा उल्लेख माती-दगड फोडणारा वड्ड म्हणून करतात आणि शिष्य खवळतात. पुढे त्या भेटीतून सिद्धरामांच्या साधनेला वेगळे वळण लागले, तो अध्यात्माचा भाग झाला. मला या प्रसंगात दुसरेच काही दिसते. ज्याच्या नावाने आपण पिढ्यान्‌पिढ्या यात्रा भरवतो, त्याला त्याच्या काळात कुदळ-फावड्यावरून ओळखले जात होते. गावाला पाणी मिळावे म्हणून अंगाला माती लावून घेणारा हा देवमाणूस आहे. त्याच्या पाण्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ पालिकेच्या आरोग्य विभागाचा राहत नाही.

एके दिवशी सकाळी गणपती घाटावर एक गृहस्थ मोटारसायकल थांबवून उतरले. हँडलला प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात आठवडाभराचे हार, बेल, दुर्वा, नारळाच्या शेंड्या. त्यांनी चपला काढल्या, पिशवीची गाठ आणखी घट्ट केली, देवळाकडे तोंड करून डोळे मिटले आणि मग पिशवी पाण्यात सोडली. आत हवा राहिली होती, म्हणून ती बुडाली नाही. वाऱ्याबरोबर हळूहळू आतल्या बाजूला सरकत राहिली. मी जवळ जाऊन म्हटले, "काका, निदान पिशवी तरी मोकळी करायची." ते रागावले नाहीत. म्हणाले, "घरातलं निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत कसं टाकायचं, सांगा तुम्हीच."

हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांची श्रद्धा खरी होती. देवाला वाहिलेले फूल आणि काल रात्रीचे खरकटे एकाच गाडीत पडावे, हे त्यांना सहन होत नव्हते. पण निर्माल्याचे मोल राखायचे म्हणजे ते मातीला द्यायचे. ते कुजते, खत होते, पुन्हा फुलात येते. पिशवीत गाठ मारून पाण्यात सोडलेले फूल मातीलाही मिळत नाही आणि देवालाही पोचत नाही. ते पाण्यातच सडते. सडताना पाण्यातला प्राणवायू खाते. वर शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो ओढून घेते. उन्हाळ्यात पाणी उथळ आणि गरम झाले की मुळात त्यात प्राणवायू कमी मावतो. मग पहाटेच्या सुमारास मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात आणि सकाळी काठाला पांढरी पोटे दिसतात. तलावातले मासे मेल्याची बातमी आपण सोलापूरकरांनी अनेक उन्हाळ्यांत वाचली आहे. कोणी विष कालवले का, अशी चर्चा दोन दिवस होते. विष आपणच वर्षभर थोडे थोडे, हात जोडून कालवत असतो.

आणि संक्रांतीला याच तलावाच्या काठी, याच पाण्याने आपण नंदीध्वजांना करमुटगी लावून गंगास्नान घालतो. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा: अशी यात्रा दुसरीकडे नाही. तिचा अभिमान मलाही आहे. पण जो समाज वर्षातून एकदा त्या पाण्याला गंगा म्हणतो, त्याने उरलेले दिवस तिला काय समजायचे, हे एकदा ठरवायला हवे.

बेटाचा स्वभाव असा आहे की तिथे 'बाहेर' नावाची जागा नसते. गावात आपण घर झाडतो आणि कचरा दाराबाहेर लोटतो, तो कोणाच्या तरी दारात जातो, आपल्या डोळ्यांआड होतो. बेटावर तो डोळ्यांआड होत नाही. जे होडीने आले ते होडीनेच परत न्यावे लागते, नाहीतर ते तिथल्या मातीत, विहिरीत आणि काठावर राहते. फिलिपिन्समधले बोराकाय हे छोटे बेट पांढऱ्या वाळूसाठी जगभर गाजले. हॉटेले उठली, मैलापाणी समुद्रात जाऊ लागले, आणि एप्रिल 2018 मध्ये तिथल्या सरकारला ते बेट पर्यटकांसाठी तब्बल सहा महिने बंद ठेवावे लागले. पुन्हा उघडताना त्यांनी एक आकडा ठरवला: एका वेळी बेटावर सुमारे 19 हजारच पाहुणे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याकडे आजी नातवाला सांगते. तिथे ते सरकारी हुकमाने सांगावे लागले, आणि तेही सहा महिने सगळ्या बेटाचा रोजगार थांबवून.

लांबचे उदाहरण नको असेल तर घारापुरी घ्या. मुंबईच्या गेटवेवरून लाँच सुटते आणि तासाभरात माणूस लेण्यांपाशी पोचतो. 1987 मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. देशोदेशीचे लोक त्रिमूर्तीसमोर उभे राहून गेले. पण त्याच बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. म्हणजे वारसा जगाचा झाल्यानंतर तीसएक वर्षांनी. तोपर्यंत जनरेटरचे चार तास आणि मग अंधार. पाहुणा संध्याकाळच्या लाँचने परत जात होता, त्यामुळे तो अंधार त्याला कधी दिसलाच नाही. बेटाचा आराखडा करणाऱ्याने ही गोष्ट कागदाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावी. पाहुणा गेल्यावर तिथे कोण उरते आणि कशा स्थितीत उरते, यावरच त्या योजनेची परीक्षा होते.

आता उजनी. भीमेवरच्या या धरणाचे काम 1966 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पूर्ण भरले की सुमारे 117 टीएमसी पाणी, पण त्यातले 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे अर्ध्याहून जास्त. याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय उजनीवर कोणी वीटही ठेवू नये. हा जलाशय खोल दरीत कोंडलेला नाही, तो सपाट मुलखावर पसरलेला आहे. पाणी थोडे उतरले की काठ कित्येक मीटर, काही ठिकाणी किलोमीटरच्या हिशेबात मागे सरकतो. 2024 च्या उन्हाळ्यात साठा मृतसाठ्याच्या पातळीच्याही खाली, उणे 60 टक्क्यांच्या घरात गेला होता. ऑक्टोबरात ज्या उंचवट्याला आपण बेट म्हणतो तो मे महिन्यात काठाला जोडलेला असतो, त्याच्याभोवती गाळपेर जमिनीत पिके उभी असतात आणि त्यांच्या कडेने शेळ्या चरत असतात. त्यामुळे भरल्या धरणाच्या नकाशावर रेघा मारून केलेला आराखडा हा चार-पाच महिन्यांचा आराखडा आहे. उरलेले महिने धक्का चिखलात आणि बोटी उन्हात.

आणि उजनीची बेटे म्हणजे काय, हेही विसरू नये. पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते, कुगावचा इनामदार वाडा वर येतो. लोक गाड्या काढून बघायला जातात, वरून ड्रोन फिरवतात. बघायला जरूर जावे. पण ती गावे आहेत. तिथे पेव होते, पार होता, चावडी होती. ती गावे बुडाली म्हणून सोलापूरच्या नळाला पाणी आले, उसाला पाणी आले. ज्यांचे जोते त्या पाण्याखाली आहे, ती माणसे आज काठावरच्या पुनर्वसित गावांत राहतात, आणि त्यांतले कित्येक त्याच पाण्यात जाळे टाकून पोट भरतात. एकदा जमीन देऊन झालेल्या या लोकांकडे दुसऱ्यांदा काठ मागायला जाताना मान खाली घालूनच गेले पाहिजे. बोटींचा परवाना, मार्गदर्शकाचे काम, जेवणाची सोय, घरगुती मुक्काम, यांवर पहिला हक्क त्यांचा. उरले तर इतरांचे.

हे केवळ दयेपोटी म्हणत नाही. त्यांना पाणी कळते. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. भिगवण, कुंभारगावकडच्या मच्छीमारांनी गेल्या काही वर्षांत होड्यांतून पक्षी दाखवण्याचा जोडधंदा उभा केला आहे, कोणत्याही मोठ्या आराखड्याची वाट न बघता. मी एका होडीतून गेलो होतो. रोहितांचा थवा बराच लांब असताना होडीवाल्याने इंजिन बंद केले आणि बांबूने तळाचा चिखल रेटत होडी पुढे नेली. मग तेही थांबवले. पलीकडच्या होडीतल्या कोणीतरी त्याला ओरडून सांगितले, जवळ घे, उडव त्यांना, फोटो पाहिजेत, जास्तीचे पैसे देतो. तो वळूनही बघेना. मला हळूच म्हणाला, "जवळ गेलं की उठत्यात. दिसभरात पाचदा उठवली तर खाणार कवा? उपाशी पाखरू लांब जातंय का?"

या तीन वाक्यांत पर्यटन खात्याच्या एका पुस्तिकेइतके ज्ञान आहे. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी घालून चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातो. धरण तुडुंब असेल तर त्याला पाय टेकायला जागा नाही, म्हणून पाणी उतरायला उशीर झाला की तोही उशिरा येतो. म्हणजे ज्या पाण्यावर वेगाच्या बोटी चांगल्या पळतील, त्या पाण्यावर रोहित नसेल. आणि जिथे रोहित आहे तिथे बोटीचा पंखा चिखलात रुतेल. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकावर छापता येतात, पण एकाच पाण्यात नांदवता येत नाहीत. उजनीवर कोणाला बोलवायचे, हे एकदाच आणि आताच ठरवावे लागेल. माझे मत सरळ आहे. गोंगाटाच्या बोटी, पाण्यावरचे डीजे, पाण्याच्या हद्दीतले पक्के बांधकाम, हे इथे नको. पक्षी बघायला, बुडालेल्या गावांची गोष्ट ऐकायला, चुलीवरची भाकरी आणि ताज्या माशाचे कालवण खायला जो येईल तो आपला पाहुणा. तो संख्येने कमी असेल. चालेल.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल तर बोलायलाच हवे, कारण हे पाणी आपण पितो. मुळा-मुठेतून भीमेत येणारे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी शेवटी उजनीत उतरते. उन्हाळ्यात काठावर हिरवा थर चढतो, जवळ गेले तर वास येतो. याविरुद्ध सोलापूरकरांनी तक्रार करणे रास्तच आहे, आणि ती आणखी जोरात व्हायला हवी. पण वरच्यांना दोष देत असताना आपण स्वतः काठावर शौचकुपांच्या भरवशावर मुक्कामाच्या खोल्या बांधल्या, तर आपल्या तक्रारीला कोण भीक घालील? पुण्याला सांगायचे असेल तर आपला काठ आधी स्वच्छ दिसला पाहिजे. प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणाचे सांडपाणी कुठे जाणार, प्रत्येक बाटली कोण परत नेणार, याचे उत्तर लेखी दिल्याशिवाय परवानगी मिळू नये. आणि एका दिवसाला किती माणसे, हा आकडा पहिल्या बोटीच्या आधी ठरावा. गर्दी झाल्यावर आकडा ठरवता येत नाही. तेव्हा प्रत्येक जागेमागे कोणाचा तरी हप्ता आणि कोणाचे तरी कर्ज उभे राहिलेले असते.

आता सर्वांत कठीण गोष्ट. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. ही माणसे सहलीला निघाली नव्हती. धरण झाल्यापासून आमनेसामने दिसणारी गावे एकमेकांना तुटली आहेत. रस्त्याने वळसा मोठा, म्हणून लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला होडीनेच पलीकडे जावे लागते. पुलाची मागणी जुनी आहे. त्याच वर्षी 18 डिसेंबरला घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची वेगबोट धडकली आणि पंधरा माणसे गेली. तिथे पर्यटक होते, म्हणून देशभर चर्चा झाली. कुगावची चर्चा चार दिवसांत थांबली.

म्हणून माझी मागणी अशी आहे: उजनीच्या जलपर्यटनासाठी जो पहिला रुपया खर्च होईल, तो या रोजच्या होड्यांवर व्हावा. होडीची तपासणी, माणसांची मर्यादा, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, काठावर वाऱ्याचा इशारा देणारे साधे निशाण, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत दुपारनंतर होडी सोडायची की नाही हे ठरवणारा एक जबाबदार माणूस. याला फार पैसा लागत नाही. हे झाले की मग पर्यटकाची पहिली बोट सोडावी. आणि त्याच वेळी इकडे शहरात, गणपती घाटावर आणि विष्णू घाटावर, निर्माल्यासाठी मातीचे हौद करावेत, त्यांतले खत तलावाकाठच्याच झाडांना घालावे. पुढच्या संक्रांतीच्या आत हे होऊ शकते. ज्या काकांनी मला प्रश्न विचारला होता, त्यांना पिशवी मोकळी करायला एक पवित्र जागा तरी द्या, मग त्यांना दोष देऊ.

रोहित बघायला गेलो होतो, तो दिवस कुगावच्या अपघाताआधीच्या हिवाळ्यातला. पक्षी दाखवणाऱ्या होडीत चढताना मला नारिंगी जॅकेट मिळाले होते, पट्टा ओढून नीट बसवूनही दिले होते. उतरल्यावर ते परत केले. संध्याकाळी एका दुसऱ्या गावच्या धक्क्यावरून पलीकडे जायचे होते, म्हणून मी रोजच्या होडीत बसलो. पंधरा-वीस माणसे, दोन मोटारसायकली, दुधाच्या किटल्या, एका शाळकरी मुलीच्या मांडीवर दप्तर. जॅकेट एकाच्याही अंगात नव्हते. सूर्य कलला होता आणि पाण्यावर बारीक लाटा उठायला लागल्या होत्या. मी कडेला बसलेला पाहून लेकराला पदराखाली घेतलेली एक बाई सरकली आणि आपली मधली जागा मला देत म्हणाली, "हितं मधी बसा काका. कडंला वारं लागतंय. तुम्ही पाव्हणं."